वाघिणीनं खाल्लेला शालू

हे तुम्ही मानणार नाही. मानूच नका. आजवर ज्याला ज्याला सांगितलं त्यातल्या एकानंही मानलेलं नाही, आणि उद्या कुणी मानलंच तर मलाच धाकधूक वाटेल, की सांगताना आपली काहीतरी गफलत झाली. तर माझ्या लग्नाचा शालू वाघिणीनं खाल्ला. अख्खा. लग्नाच्या आदल्या दिवशी. आणि तिला तो भरवला कुणी, तर मी. ह्या हातांनी.

"झालं सुरू," भूपाल म्हणाला. भूपाल चौगुले आमचा शेजारी, उभा जन्म मागावर काढलेला माणूस. दुपारच्या चहाला येतो आणि माझ्या गोष्टीला एक तरी भोक पाडून जातो. "मागल्या खेपेला शालू अर्धा खाल्ला हुता तिनं."

"तू विणकर हायस, वीण. सांगायचं काम माझं."

नात अनुजा हसली. तिचं लग्न तोंडावर आलंय. बस्ता झाला, पत्रिका वाटून झाल्या, आणि तिच्या आजीनं, म्हणजे माझ्या हौसानं, नातीसाठी गोधडी शिवायला घेतली. आमच्यात नवी गोधडी सगळीच्या सगळी नव्यानं भरत नाहीत. घरातली जुनी उसवायची, तिच्यातला धड राहिलेला थर काढायचा आणि नवीच्या पोटात घालायचा. म्हणजे गोधडी कधी संपतच नाही, नुसती आत आत जात राहते. तर आजी आणि नात सोप्यात समोरासमोर बसून आमची जुनी गोधडी उसवत होत्या. हौसाच्या हातात कात्री, तिची कचकच चाललेली. "ती कड तू घे," असं नातीला एकदा म्हणाली, तेवढंच. नाहीतर माझ्या गोष्टी चालू असताना ती बोलत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तिनं तो नाद सोडला.

"आबा, वाघीण खरीखुरी?" अनुजानं विचारलं.

"खरीखुरी म्हणजे काय. लोखंडाची."

इचलकरंजीत तेव्हा घरटी माग. सगळं गाव कोरं कापड काढायचं आणि आम्ही जुनं खायचो. नदीच्या रस्त्याला मलगोंडा अण्णांची चिंधी गिरणी होती. भांडीवाल्या बायका दारोदार पातेली देऊन जुने कपडे घेतात ना, ते फिरत फिरत शेवटी आमच्याकडं यायचे. पोत्यांच्या थप्प्या लागायच्या. बायका ते निवडायच्या, मी ते वाघिणीच्या तोंडात द्यायचो. वाघीण म्हणजे नुसते दातच दात असलेला एवढा मोठा ढोल. गरगर फिरायचा आणि कापडाच्या चिंध्या, चिंध्यांचा कापूस करून पाठीमागं टाकायचा. तो कापूस कातून परत सूत, सुताची ब्लँकेटं. आणि गंमत अशी की गिरणीत रंगाचा एक थेंब नव्हता. हिरवं ब्लँकेट पाहिजे तर हिरवे कपडे वेचायचे, तांबडं पाहिजे तर तांबडे. प्रत्येक बाईला एकेक रंग वाटून दिलेला. हौसाकडं हिरवा.

"आजी, तू हिरवीवाली?"

"मग," हौसा म्हणाली. कचकच थांबली नाही.

अण्णांचे दोन नेम होते. रंग बघायचा, कापड बघायचं नाही. एकदा का बाई बघत बसली, की हा बाळंतविडा दिसतोय, हा कुणाचा तरी सदरा असणार, बिचारा गेला असेल, असं करत दिवस जायचा आणि पोतं तसंच राहायचं. दुसरा नेम त्याहून कडक. बटण, हूक, चेन, जर, जे जे धातूचं ते कात्रीनं काढून डब्यात टाकायचं. वाघिणीच्या दाताला धातू लागला की ठिणगी, आणि तसल्या भुग्यात ठिणगी म्हणजे गिरणीची राख. एकदा कुणाच्या तरी खिशात शिट्टी राहून गेली. वाघिणीनं ती गिळली आणि पुढं आठवडाभर घासागणिक शिट्टी मारायची. बाहेर रस्त्यावर एसटी थांबायच्या.

"शिट्टी पत्र्याची," भूपाल म्हणाला. "ठिणगी न्हाई पडली?"

"प्लास्टिकची हुती."

"तवा आमच्या गावात बादल्याबी पत्र्याच्या हुत्या. आणि ह्याला प्लास्टिकची शिट्टी मिळाली."

"चहा पी, भूपाल."

तर माझं लग्न. गडहिंग्लजच्या दौलतरावांची विमल. दौलतराव म्हणजे कापड दुकानदार, कोऱ्या कापडाचे. दुकानात पाय ठेवला की खळीचा वास यायचा. चिंधीवाल्याच्या पोराला असल्या घरातली मुलगी मिळते कुठं? पण मुलगी एकुलती, त्यांना दुकानात बसणारा जावई पाहिजे होता. अट एकच. लग्न झालं की चिंधीला परत हात लावायचा नाही. "लोकांच्या अंगावरची कापडं, त्यात मेलेल्यांचीबी असतात," असं म्हणून त्यांनी सुपारी फोडताना माझ्या हातावर पाणी घातलं होतं.

मला राग आला होता. आमच्या दादांना आला नाही. माझे वडीलही त्याच गिरणीत होते, वाघिणीपाशी, माझ्या आधी. तो भुगा त्यांच्या छातीत बसला होता. जिना चढायचा म्हटलं तरी खोकल्यानं वाकडे व्हायचे. ते मला म्हणाले, "श्रीपती, त्यो माणूस हातावर पाणी घालू दे न्हाईतर डोक्यावर. तू ह्या भुग्यातनं भाईर पडतोस, मला तेवढं बास हाय."

त्या लग्नात माझ्या मते बायको येत होती. दादांच्या मते मला श्वास मिळत होता.

शालू दादांनी स्वतः बेळगावला जाऊन आणला. हिरवागार, आणि काठ असा की नुसता बघितला तरी तोंड उजळावं. खरी जर. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी ते एसटीतनं उतरले ते थेट गिरणीत आले. त्यांना टेम्पो ठरवायला जायचं होतं. माझ्या हातात एक बोचकं दिलं. जुन्या, मळक्या धोतराचं.

"हे काय?"

"हळू बोल की. शालू हाय. नव्या कापडाला वाटंत नजर लागती, म्हणून धोतरात बांधलाय. जपून ठेव. मी आलोच."

आमच्या घरात ही रीत होती. लग्नाचं कापड घरी पोचेपर्यंत फाटक्यात लपवायचं. आणि गिरणीची रीत अशी, की फाटक्यात बांधून जे आत येईल ते सगळं चिंधी. एवढी वर्षं ह्या दोन रिती एका छपराखाली कधी भेटल्या नव्हत्या. त्या दिवशी भेटल्या.

मी बोचकं हौसाच्या शेजारच्या बाकड्यावर ठेवलं. आदल्या आठवड्यापासून तिचं तोंड नुसतं चालू होतं. "काय नवरदेव, अंगावरचा भुगा धुऊन जा, न्हाईतर नवरी शिंकंल." "काय शेठ, दुकानात बसल्यावर आमाला वळख देशील का गज दाखवून हाकलशील?" पण त्या दिवशी काही नाही. बोचक्यात काय आहे तेही विचारलं नाही. तिनं मान वर केली नाही.

तेवढ्यात पट्टा निसटला. वाघिणीचा पट्टा निसटला की तो परत चढवायला दोन माणसं लागायची, आणि मागच्या अंगाला, भिंत आणि ढोल यांच्या सापटीत जाऊन बसावं लागायचं. मी आणि अण्णा तिकडं बराच वेळ घाम गाळत होतो. बाहेर आलो, बटण दाबलं, वाघीण गुरगुरली. हौसानं हिरवा ढीग तयार ठेवला होता. मी कवळा भरला आणि तिच्या तोंडात दिला. दुसरा भरला, दिला. तिसरा देताना मनगटाला काहीतरी गार लागलं.

सुती कापड गार लागत नाही. टेरिकॉट तर नाहीच. तसलं गार रेशीमच लागतं.

मी हात मागं घेतला तोवर ते आत ओढलं गेलं होतं. तोंडाशी एकदा जर अशी लखकन चमकली, विजेसारखी, आणि गडप.

"जर गेली?" भूपाल म्हणाला. "आणि ठिणगी न्हाई?"

"वाघीण त्या दिवशी खुशीत हुती."

"जर खाऊन खुशीत. बरं, बरं. चालू दे."

मी बाकड्याकडं बघितलं. बाकडं मोकळं. धोतर पांढऱ्या ढिगात पडलेलं. खाली बसलो नाही, ओरडलो नाही, बटणसुद्धा बंद केलं नाही. नुसता उभा राहिलो. वाघिणीच्या पाठीमागनं हिरवा कापूस पडत होता, मऊ, हलका, आणि मी त्याच्याकडं बघत होतो. माणूस डोळ्यांदेखत बुडावा आणि पाणी पुन्हा सपाट व्हावं, तसं.

अण्णांनी येऊन यंत्र बंद केलं. 

"हौसे," मी म्हणालो, "बोचकं?"

"कुठलं?"

"हितलं. धोतराचं."

"सोडलं की. पांढरं पांढऱ्यात टाकलं, हिरवं हिरव्यात." तिनं माझ्याकडं बघितलं. "का? काय हुतं?"

"शालू हुता. माझ्या लग्नाचा."

बाकीच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. हौसानं नाही लावला.

"मला काय ठावं?" ती म्हणाली. "फडक्यात बांधून आलं ती चिंधी. रंग बघितला, टाकला. कापड बघायचं न्हाई म्हणता न्हवं तुमीच?"

आणि त्याच वेळी दारातनं दादा आत आले. टेम्पो ठरला होता, म्हणून चेहरा खुलला होता. त्यांनी आमची तोंडं बघितली, मोकळं बाकडं बघितलं, पाठीमागचा हिरवा कापूस बघितला. त्या गिरणीत त्यांचा जन्म गेला होता. त्यांना कुणी काही सांगायची गरज पडली नाही. ते त्या कापसापाशी बसले, मूठभर उचलला आणि नाकाशी धरला. मग खोकला आला. तो थांबेचना.

पैसा तर उरला नव्हताच. दुसऱ्या दिवशी दुपारचा मुहूर्त, आणि वरपक्षाचा शालू नाही म्हणजे लग्न नाही. दौलतराव त्यांच्याच दुकानातला एक काढून देतील, असं कुणीतरी सुचवलं. दादा म्हणाले, "मुलीच्या बापाकडनं शालू मागायला मी जित्ता राहणार न्हाई."

तेव्हा अण्णा बोलले. अण्णा कमी बोलायचे. "दादू, कापड काय मेलं न्हाई. नुसतं मोकळं झालंय. परत बांधू की."

"असला शालू असतो व्हय, अण्णा?"

"आजवर नसंल. उद्यापास्नं असंल."

आता इथनं पुढं तुम्ही अजिबात मानणार नाही. एकट्या रेशमाचं सूत त्या यंत्रावर धरेना, निसटायचं, म्हणून हौसाच्या हिरव्या ढिगातला कापूस त्यात मिसळला. बँडवाल्याचा कोट, दवाखान्यातल्या चादरी, कुणाची चोळी, कुणाचा शाळेचा झगा, सगळं. दुपारी सूत निघालं आणि दिवस मावळायच्या आत ह्या भूपालनं ते विणून दिलं. त्यानं विणताना माग इतका जोरात चालवला, की गल्लीतल्या कोंबड्यांनी भीतीनं एकदम अंडी घातली.

"ते खरं हाय," भूपाल म्हणाला. "कोंबड्यांचं."

दुसऱ्या दिवशी गडहिंग्लज. मांडव, सनई, केळीचे खांब. विमलच्या आत्यांनी ताट पुढं घेतलं, वरचा रुमाल काढला आणि शालू उचलला. तो उलगडेना. दोघींनी ओढला तेव्हा उलगडला, आणि सोडला तर तसाच उभा राहिला, माणसासारखा. मांडवात कुणी हसलं नाही. मला आजही आश्चर्य वाटतं, की कुणी हसलं कसं नाही.

दौलतराव आले. दुकानदाराचा हात, कापड दिसलं की आपोआप पुढं जातो. त्यांनी चिमटीत धरून बघितलं आणि चटका बसल्यासारखं सोडलं.

"हे काय?"

"शालू," मी म्हणालो. "काल गिरणीत फाटला. परत केलाय."

"परत केलाय? कशातनं?"

खोटं बोलायला माझ्यासारखा माणूस पंचक्रोशीत नव्हता. वाराणशीची नवी तऱ्हा आहे म्हणून सांगितलं असतं, कुणा राणीनं असला मागवलाय म्हटलं असतं. पण दादा शेजारी उभे होते, नवा फेटा बांधून, श्वास रोखून, आणि माझी जीभच वळली नाही.

"हिरव्या चिंध्यातनं," मी म्हणालो.

"म्हणजे लोकांची कापडं. माझ्या मुलीच्या अंगावर." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मेलेल्यांचीबी असतील ह्यात?"

"असतील."

विमल आतल्या दारात उभी होती. हळद लागलेली. तिनं त्या कापडाकडं बघितलं, मग माझ्याकडं. ओकारी यावी तसा हात तोंडावर धरला आणि आत गेली. दार लागलं. सनईवाला बिचारा काही न कळून वाजवतच होता. मग तोही थांबला.

दादांनी फेटा काढला. कुणी मागितला नव्हता. काढला आणि मांडवातल्या खुर्चीवर नीट ठेवला, जसा काही तो त्या घरचाच होता.

परत टेम्पोत बसलो. ते हिरवं कापड माझ्या मांडीवर. गिरणीपाशी टेम्पो थांबला तर फाटकात हौसा उभी. बाकीच्या बायका घरी गेलेल्या. ती पुढं आली, माझ्या मांडीवरचं कापड घेतलं, झटकलं आणि आपल्या खांद्यावरनं लपेटून घेतलं.

दादांनी टेम्पोतनं बघितलं. "ऊबदार हाय?"

"हाय की," ती म्हणाली.

"मग ठेव तुज्याकडं."

त्याच कापडात ती पुढच्या उन्हाळ्यात माझ्या शेजारी पाटावर बसली. घामानं निथळत होती, पण बसली. दादांनी ते लग्न बघितलं, त्यानंतरचा पाऊस काही बघितला नाही. आणि मी वाघिणीपाशीच राहिलो, गिरणी बंद होईपर्यंत. हा माझा खोकला आहे ना, हा दादांचाच. वारशानं आला.

"पण एक सांगतो, अनुजा," मी म्हणालो, कारण पोरीचे डोळे भरले होते आणि लग्नाच्या घरात ते बरं नव्हे, "तू म्हणशील शालू वाया गेला. नाही गेला. ते कापड अजूनही उन्हात धरलं की त्यात जरीचे कण चमकतात. बारीक बारीक. चांदण्यांसारखे."

"विणलं मी," भूपाल म्हणाला. "मला एकबी दिसला न्हाई."

"तुझी नजर तेव्हापासनंच अधू."

खरं सांगायचं तर ती चमक मीच मागाहून घातली होती. वाघिणीच्या तोंडाशी जर लखकन चमकली ना, तीही. बिनचमकेची गोष्ट कोण ऐकतो? पण इतकी वर्षं सांगून सांगून ती आता मला दिसते. शपथेवर सांगेन, अशी दिसते.

अनुजानं तिच्या कडेचा शेवटचा टाका तोडला आणि गोधडीचा वरचा थर बाजूला केला. आत हिरवं, जाडंभरडं कापड.

"हेच?"

"हेच," मी म्हणालो. मलाही ते कैक वर्षांनी दिसत होतं.

तिनं एक टोक उचललं आणि सोप्याच्या उन्हात धरलं. खाली, वर, तिरकं करून बघितलं. नुसतं हिरवं. मी पुढं काही जुळवणार, इतक्यात त्या कापडाच्या घडीतनं काहीतरी निसटलं आणि तिच्या मांडीवर पडलं. घट्ट गुंडाळी होती. पडली तशी मोकळी होत गेली, मांडीवरनं फरशीवर, फरशीवरनं माझ्या पायापर्यंत.

काठ. दोन्ही अंगांचे काठ, एकाला एक टाचलेले. सोनेरी, जरासे काळवंडलेले, कडेला शालूचं बोटभर हिरवं रेशीम. एका टोकाला बेळगावच्या दुकानाचा निळा शिक्का, अजून वाचता येईल असा.

भूपालनं कप खाली ठेवला. मला खोकला आला होता, तो छातीतच अडकून राहिला. ठिणगी का पडली नाही, ते आता कळलं. वाघिणीच्या तोंडात जर गेलीच नव्हती.

कात्रीची कचकच थांबली होती. हौसानं मान वर केली नाही. त्या दिवशीही केली नव्हती.

अनुजानं काठ उचलला आणि बोटांनी कड चाचपत गेली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग माझ्याकडं बघितलं, मग आजीकडं, आणि परत माझ्याकडं.

"खोटं, आबा," ती म्हणाली. "न बघता टाकला म्हणता? ही कड बघा की. कुठं एक दोरा तिरका गेलेला नाही. एवढा लांब काठ इतका सरळ, इतका सावकाश कापायचा म्हणजे माणूस त्या शालूकडं बघतच बसलं असणार."